मोरीचं तेल

महादू मेतराने आपल्या झिलाची शर्यत कधी पाहिली नव्हती, आणि मरेपर्यंत पाहणार नाही असं तो गेली सहा वर्षं ज्याला त्याला सांगत आला होता. दर्यावरच्या माणसाने चाकावर बसावं हेच त्याला पटत नव्हतं. तारकर्लीच्या त्या घरात या एका गोष्टीवरून इतकी भांडणं झाली होती, की शेवटी शेवटी भांडणाचीही चव गेली होती. म्हणून दोन हजार दोनच्या नागपंचमीला, पानावर बसल्या बसल्या महादूने आपण होऊन विषय काढला, तेव्हा मुलाच्या, गुरुप्रसादच्या, हातातली पातोळी हातातच राहिली.

"परवा कुडाळाक तुझी ती शर्यत आसा मां?"

"आसा."

"मी येतलंय."

गुरुप्रसादची बायको अक्षया खोबऱ्याचा रस वाढत होती, तिने नवऱ्याकडे पाहिलं. मथुरेने देवाच्या दिशेने हात जोडले.

"हात जोडू नको, आधी आयक," महादू बायकोला म्हणाला आणि मग मुलाकडे वळला. "येवन एकदा बघतंय. पडलस, तर गाडी खळ्यात उभी करूची, लवूचा गॅरेज सोडूचा आणि पुनवेपासून माझ्या होडयेर येवचा. नाय पडलस, तर परत ह्या विषयार मी तोंड उघडूचय नाय. कबूल?"

गुरुप्रसादने पातोळी पानात ठेवली. त्याला दर्या लागत असे. मेतरांच्या चार पिढ्यांत कुणाला लागला नव्हता, तो नेमका महादूच्या एकुलत्या एका मुलाला लागला. बारा वर्षांचा असताना पहिल्यांदा देवबागच्या खाडीच्या मुखाबाहेर गेला आणि काठाला येईपर्यंत ओकत राहिला, ते गावाने पाहिलं होतं. इंजिनाचा आवाज ऐकला की मात्र त्याला बरं वाटे. त्याचा काका लवू याने ते ओळखलं आणि मालवणच्या आपल्या गॅरेजात, होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला, त्याला घेऊन गेला.

आता लवू आणि महादू हे दोघे सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, हे गावाला पाठ होतं. लवूने बापाच्या होडीला इंजिन लावलं आणि महादूने ते उपटून वाळूत ठेवलं, तिथपासूनचं ते वैर. त्यात मुलगाही लवूच्याच हाताखाली गेला. शर्यतीची ती जुनी आरएक्स मोटरसायकलसुद्धा लवूनेच पुतण्याला दिलेली. म्हणजे गुरुप्रसाद पडला तर नुसती गाडी जाणार नव्हती, दोन भावांमधलं जुनं भांडण महादूने जिंकल्यासारखं होणार होतं.

"कबूल," गुरुप्रसाद म्हणाला.

अंथरुणं घालताना अक्षयाने स्पष्टच सांगितलं, "तुमी पडूचा असा मी म्हणनय नाय. पण होडयेर गेल्यात तर बरा होयत. होडयेरसून माणूस पडान हात मोडून घेणा नाय."

"बुडता."

"बुडूनय मेतर मेल्याचा आयकलात कधी?"

सुनेचं आणि सासऱ्याचं असं एक होतं. मथुरा तेवढी मुलाच्या बाजूची, पण ती कुणाच्या विरुद्ध जाऊन कुणाच्या बाजूची होत नसे. एकाच्या पानात जास्त वाढायचं आणि दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, ही तिची रीत.

पंधरा ऑगस्टला उजाडताच लवूच्या ओळखीचा मासळीचा टेम्पो दारात आला. गाडी फळीवरून आत चढवली, दोरीने बांधली. पाऊस धरलेलाच होता. पुढे ड्रायव्हरशेजारी मथुरा आणि अक्षया, मागे ताडपत्रीखाली गाडी, गुरुप्रसाद आणि ते दोघे भाऊ. पुढच्या आणि मागच्या मंडळींच्या मध्ये एक छोटी खिडकी होती आणि त्या खिडकीतून त्या दिवशी अकरा वर्षांतली सगळ्यांत लांब बोलणी झाली.

"मथुरा, तेका सांग, ताडपत्री वायच ओढूक," महादू खिडकीत तोंड घालून म्हणायचा. लवू त्याच्यापासून तीन हातांवर बसलेला.

"वैनी, दादाक सांग, ओढलंय म्हणान," लवू दुसरीकडे बघत म्हणायचा.

"आयकलात मां?" मथुरा पुढून विचारायची आणि मग एकटीच हसायची.

गुरुप्रसादला हसू येत नव्हतं. चौक्याच्या घाटीत टेम्पो हेलकावला तेव्हा त्याने गाडीच्या सीटवर हात ठेवला. एरवी कधी बायको विरुद्ध, कधी बाप विरुद्ध असायचे, ते ठीक होतं. पण आज पहिल्यांदाच घरातलं प्रत्येक माणूस त्याच्यासाठी भिजत निघालं होतं. इतकी वर्षं हेच तर हवं होतं, आणि आता ते मिळाल्यावर तो गाडीच्या दोरीच्या गाठी पुन्हा पुन्हा तपासत होता.

शर्यत कुडाळच्या बाहेर एका माळावर होती. शर्यत भरवणाऱ्या मंडळाच्या पोरांनी दोरी बांधून अर्ध्या मैलाची वेडीवाकडी वाट आखली होती; तांबड्या मातीचा पार लगदा झाला होता. ठिकठिकाणी गुडघाभर पाण्याची डबकी. सहा फेऱ्या, चौदा गाड्या. सावंतवाडी, बेळगाव, एक कोल्हापूरचा निकेत नावाचा पोरगा, त्याचे बूट पांढरेशुभ्र. गुरुप्रसादने गाडी उतरवून त्याच्या शेजारी लावली, तशी निकेतने नाक धरलं.

"काय लेका, गाडीवरनं मासळी वाहून आणलीस काय?"

गुरुप्रसाद हसला. मासळीच्या टेम्पोतून आलेल्या गाडीला दुसरा कसला वास येणार? आणि मेतरांच्या घरातल्या माणसाला तो वास वेगळा तरी कुठे कळतो! पण खाली वाकून त्याने टायरमधली हवा कमी करायला घेतली, ओल्या वाळूत चालवताना करायचा तशीच, आणि त्याची बोटं घसरली. टायर चकचकीत होता. त्याने बोट नाकाला लावलं. मोरीचं तेल.

मोरी म्हणजे दर्यातला मोठा दातवाला मासा; त्याच्या काळजाचं तेल कढवून ठेवायचं आणि नारळी पुनवेआधी होडी पाण्यात जाण्यापूर्वी तिला चोळून लावायचं, ही किनाऱ्यावरची जुनी पद्धत. मेतरांकडे पहिला हात घरच्या बाईचा. त्या वर्षीचं तेल तीन दिवसांपूर्वीच मथुरेने कढवलं होतं. गुरुप्रसादने गाडी ढकलून मागच्या ब्रेकच्या पेडलवर पाय दाबला. पेडल नेहमीसारखं दबलं, पण चाक आपलं फिरतच राहिलं. पुढचा ब्रेक थोडासा धरत होता, धरून सोडत होता.

तेवढ्यात मथुरा छत्री सावरत दोरीपाशी आली. आजूबाजूला कुणी नाही हे बघून हळूच म्हणाली, "कोणाक सांगू नको हां. पहाटे उठान गाडयेक तेल लायलंय. दोन हात दिलंय. जा भाग पाण्यात जाता तेका जास्त, म्हणान चाकांक चांगला मुरवलंय. आणि जंय जंय फट दिसली थंय थंय पळीन ओतलंय."

"फटीत ओतलंस?"

"होडयेच्या फटीत ओततव नाय? नायतर पाणी शिरता." तिचा चेहरा इतका खूश होता, की त्यावर नजर ठरेना. "पहिल्यांदा तुझो बापूस येता बघूक. मनात म्हटलंय, आपल्याक दुसरा काय येता? जा माहीत आसा ता करूया."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय! गुरुप्रसादला रागही आला आणि हसूही आलं, आणि दोन्ही गिळून तो म्हणाला, "बरा केलंस गो आये."

आता त्याच्यासमोर दोनच वाटा होत्या. मंडळाच्या लोकांना सांगायचं, ब्रेक गेलाय, नाव कापा. मग बापाने विचारलं असतं ब्रेक कसा गेला, आणि ज्या माणसाने सख्ख्या भावाला अकरा वर्षं माफ केलं नव्हतं, तो बायकोला ही चूक मसणात जाईपर्यंत ऐकवत राहिला असता. नाहीतर ब्रेक नसलेली गाडी घेऊन चिखलात उतरायचं, आणि पडलो तर पुनवेपासून होडीवर ओकायचं. लवू चिंध्या आणि पाने घेऊन येत होता. गुरुप्रसादने मुठी भरभरून तांबडी माती घेतली आणि टायर घासायला सुरुवात केली. टायरवरचं तेल मातीने निघालं. आत ब्रेकमध्ये मुरलेल्या तेलाचं काही करायला वेळ नव्हता.

"काय करतंस?" लवूने विचारलं.

"कायएक नाय, काकानू."

लवूचं नाक मात्र पहिल्यापासूनचं तिखट. त्याने वास घेतला, पेडल दाबून पाहिलं आणि मग लांब उभ्या असलेल्या मथुरेकडे पाहिलं. तो काही बोलायच्या आत लाऊडस्पीकर ओरडला, "चौदा नंबर, तारकर्लीचे गुरुप्रसाद मेतर, कृपया रेषेवर यावे!"

झेंडा खाली पडला आणि चौदा गाड्यांनी एकमेकांच्या तोंडावर चिखल उडवला. पहिल्या वळणावरच तीन गाड्या आडव्या झाल्या. गुरुप्रसादने सवयीने पेडल दाबलं, काही झालं नाही, आणि गाडी सरळ दोरीच्या दिशेने निघाली. दोरीपलीकडे माणसं. त्याने गिअर खाली पाडला, डावा पाय चिखलात रोवला, पण टू-स्ट्रोक गाडी गिअरने कितीशी थांबणार! कडेला गवताचा पट्टा होता, तिथे चाक गेलं आणि जरा धरलं. दोरी खांद्याला घासून गेली. माणसं ओरडली, पण तो उभाच होता.

दुसऱ्या फेरीत त्याला भीती वाटली.  पावसाने डोळ्यांपुढचं दिसत नव्हतं, डोळ्यांवरचा शर्यतीचा चष्मा त्याने काढून गळ्यात टाकला, तर चिखल डोळ्यांत जायला लागला. पाण्याने ब्रेक धुतला जाईल अशी थोडी आशा होती, तीही गेली. पाण्याने जाणारं तेल असतं तर ते होडीला कशाला लावलं असतं?

तिसऱ्या फेरीला पुढे पाण्याचं मोठं डबकं आलं. बाकीचे सगळे त्याला वळसा घालून जात होते, कारण पाण्यात गती मोडते. गती मोडते! त्याला एकदम बापाचा आवाज आठवला. बारा वर्षांचा तो होडीच्या काठावर पोट टाकून ओकत होता, समोर मुखावर लाटा फुटत होत्या आणि सुकाणूवरचा महादू त्याच्याकडे न बघता म्हणत होता, 'होडयेक ब्रेक नसता. पुढची लाट बघ आणि आधीच वळ. पाणीच थांबयता, आपण नाय थांबयना.' इतक्या वर्षांनी ते वाक्य चिखलात उपयोगी पडेल असं कुणाला वाटलं होतं?

त्याने गाडी सरळ डबक्यात घातली. पाण्याने चाक धरलं, गती मोडली, तो सुखरूप वळला. मग पुढचं वळण येण्याआधीच तो पाणी शोधायला लागला. जिथे डबकं तिथे शिरायचं, जिथे गवत तिथे चाक टेकवायचं, वळणाच्या वीस हात आधीच अंग झोकायचं. गंमत म्हणजे त्याला आता मजा यायला लागली. ओहोटीच्या वेळी तारकर्ली ते देवबाग ओल्या वाळूवर एकटा सुसाट जायचा ना, तसं अंग हलकं झालं. मागच्या चाकाचं मन त्याला कमरेतून कळत होतं. ब्रेक धरून धरून जाणारे एकेक घसरत होते आणि तो दहाव्याचा सातवा, सातव्याचा चौथा झाला. एका वळणावर त्याला बाप दिसला. महादू छत्री मिटून, पावसात भिजत उभा होता आणि त्याच्याबरोबर अंगाने डावी-उजवी करत होता. सुकाणूवर बसलेला माणूस करतो तशी.

शेवटच्या फेरीत निकेत त्याच्या पुढे होता. शेवटच्या वळणावर निकेतने जोरात ब्रेक दाबला, त्याची गाडी फिरली आणि तो वाटेच्या मधोमध पालथा पडला. पांढरे बूट आता तांबडे झालेले. उजवीकडे गाडी, डावीकडे माणसं, मध्ये तो पोरगा आणि कुठेही पाणी नाही. ब्रेक असता तर गुरुप्रसाद थांबला असता. नव्हता. त्याने एक क्षणही विचार केला नाही. हँडल मोडून गाडी आडवी घातली आणि तिच्याबरोबर स्वतःही चिखलात सरपटत गेला. निकेतच्या डोक्यापासून हातभर अंतरावर चाक थांबलं. निशाणाची रेषा तिथून चाळीस पावलांवर होती.

चिखलात उताणा पडून त्याने आभाळाकडे पाहिलं. पडलो, एवढंच त्याच्या मनात आलं. आता पुनवेपासून होडी.

पहिला पोचला महादू. दोरीखालून वाकून, धोतर चिखलात लोळवत. त्याने मुलाचे हात, खांदे, बरगड्या चाचपल्या, काही मोडलेलं नाही हे बघितलं आणि मग गाडी उचलली. उचलताना हात चाकाच्या मधल्या भागाला लागला. महादूने हात नाकाशी नेला. पेडल दाबून पाहिलं. मागून लवू धापा टाकत आला होता.

"दादा," लवू म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा, मध्ये खिडकी नसताना. "पहिल्या फेरयेपासून ब्रेक नाय होतो तेका."

"दिसला माका," महादू म्हणाला. "शाणो माणूस शर्यतीत पाण्यात शिरता काय? ह्यो गती मोडूक शिरत होतो." मग खाली मुलाकडे बघून विचारलं, "ठावक होता तुका?"

गुरुप्रसादने होकारार्थी मान हलवली.

"मगे बोललंस कित्याक नाय?"

त्याचं उत्तर देण्याची गरज पडली नाही, कारण उत्तर समोरून उलटी झालेली छत्री घेऊन धावत येत होतं आणि त्याच्यामागे अक्षया. मथुरेने मुलाचं तोंड पदराने पुसलं, हातपाय हलवायला लावले आणि मग नवऱ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघलात? एवढो आपटलो, हाडाक ढको नाय! मी तेल लायललंय गाडयेक. तेलान वाचवल्यान माझ्या झिलाक!"

 महादू मेतर खोटं सोसणारा माणूस नव्हता. खरं बोलण्यापायी त्याने फौजदाराला दुखावलं होतं, देवळाच्या मानकऱ्यांना दुखावलं होतं, भावाला तोडलं होतं. लवूने खाली बघितलं. गुरुप्रसादने डोळे मिटून घेतले.

"होय गो," महादू म्हणाला. "तू तेल लायललस म्हणान वाचलो."

मथुरेला रडू फुटलं. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने तिची एवढी सरळ तारीफ कधी केली नव्हती.

टेम्पोत गाडी चढवताना अक्षयानेच विषय काढला. सकाळी ती सासऱ्याच्या बाजूची होती. आता नवऱ्याच्या कोपराला फडकं बांधत होती आणि तिचा आवाज वेगळा लागत होता. "मामानू, पैजेचा काय ता आताच सांगा. हे तर पडले."

"कोण पडलो?" महादू म्हणाला. "समोर माणूस इलो म्हणान तेना आडवी घातल्यान. दर्यात दुसऱ्याक वाचवूक होडी आडवी घालूची लागता. तेका कोण बुडालो म्हणना नाय." मग ताडपत्रीखाली भावाशेजारी बसत तो म्हणाला, "लवू, उद्या ता चाक खोलून बघ."

"बघतंय, दादा," लवू म्हणाला. पुढच्या खिडकीतून मथुरेने कान दिला होता, पण तिला कुणी काही सांगायला सांगितलं नाही.

त्यानंतर दर शर्यतीला मथुरेने गाडीला तेल लावलं. सात वर्षं. ती पहाटे उठून चोळायची, फटीत पळीने ओतायची आणि समाधानाने भाकऱ्या थापायला आत जायची. मग घरामागे तिन्ही पुरुष राख आणि साबणाचा चुरा घेऊन बसायचे. लवू चाक खोलायचा, गुरुप्रसाद घासायचा, महादू पाणी ओतायचा आणि मधून मधून मोठ्याने खोकायचा, म्हणजे घासण्याचा आवाज आत जाऊ नये. टाकीवरचं तेल तेवढं ठेवायचे. गुरुप्रसाद दोनदा तिसरा आला, एकदा पहिला. आलेली ढाल मथुरेने देवाशेजारी ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, ही कशामुळे मिळाली ते.

दोन हजार नऊच्या दिवाळीत मथुरा गेली. चार दिवसांच्या तापाने, कुणाला फार त्रास न देता.

पुढच्या श्रावणात, शर्यतीच्या दिवशी, गुरुप्रसाद उजाडताच उठला. घासायचं काही नव्हतं, तरी सवयीने घरामागे गेला. गाडी तिथेच होती. टायर, आऱ्या, ब्रेकची फट, सगळं तेलाने निथळत होतं. शेजारी महादू उकिडवा बसला होता. त्याचे हात कोपरापर्यंत ओशट झाले होते आणि हातात पळी होती.

"बाबा, ह्या काय केलात?"

"लायलंय."

"कित्याक?"

 महादूने पळी वाडग्यात ठेवली, धोतराला हात पुसले आणि राखेचं ताट मुलाच्या पुढ्यात सरकवलं.

"घे, धू आता," तो म्हणाला, आणि पाण्याची कळशी उचलून चाकावर धरली.